जोडी लावण्याआधी

टॅरँटुलाचा नर वयात येतो तोच मुळी शेवटाकडे निघालेला असतो. शेवटची कात टाकून तो बाहेर पडतो तेव्हा त्याचे पाय लांबलेले असतात, अंग किडकिडीत झालेलं असतं आणि तोंडाशेजारच्या दोन आखूड स्पर्शपादांच्या टोकांना छोटी बोंडं आलेली असतात. तो एक लहानसं जाळं विणतो, त्यावर वीर्याचा थेंब सोडतो आणि ही बोंडं त्या थेंबात बुडवून भरून घेतो. मग त्याला एकच काम उरतं, मादी शोधायचं. पुष्कळ जातींची मादी वीस-पंचवीस वर्षं जगते. वयात आलेल्या नराच्या हाती बहुतेक वेळा वर्ष-दीड वर्षाचाच काळ असतो.

पाळणाऱ्यापुढे खरी अडचण उभी राहते ती याच काळात. युरोप-अमेरिकेत असंख्य घरांत काचेच्या पेट्यांमध्ये टॅरँटुला पाळले जातात. नर वयात आला, रात्रभर काचेवर चढ-उतर करू लागला, पण त्याच्या जातीची मादी आपल्याकडे नाही, ओळखीत कुणाकडे नाही. शेजारच्या पेटीत मात्र अगदी जवळच्या जातीची मादी आहे, जोमदार, नुकतीच कात टाकलेली. एकदा सोडून बघू या का? संकराचा प्रश्न पुष्कळदा अशा कळवळ्यातून सुरू होतो. कुतूहल असतं, नवा रंग मिळेल ही आशा असते, कधी पैशाचा लोभही असतो. पण मला हे कळवळ्याचं कारण सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात वाईट हेतू काहीच नाही, आणि तरीही हे करू नये असं माझं मत आहे. ते का, हे सांगण्याआधी दोन घाईची उत्तरं बाजूला सारावी लागतील.

पहिलं उत्तर असं की हे निसर्गाविरुद्ध आहे. पण निसर्गातही संकर होतो. दोन जातींची हद्द जिथे भिडते तिथे कधी चुकीच्या जोड्या जमतात, पिल्लं होतात, आणि त्या मिश्रणाची खूण पिढ्यान्‌पिढ्या डीएनएत उरते. अमेरिकेतल्या ॲफोनोपेल्मा या टॅरँटुलांचा मोठा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. पन्नासहून अधिक मानलेल्या जाती त्यात 29 वर आल्या, आणि त्या 29 मधल्या 14 तर नव्यानेच नाव मिळालेल्या होत्या. नुसत्या आईकडून येणाऱ्या डीएनएवर विसंबलं तर यातल्या काही जाती एकमेकींत मिसळून गेल्यासारख्या दिसतात, हेही त्या अभ्यासात पुढे आलं. तेव्हा निसर्गाची कुंपणं पोलादी नाहीत. संकर हा शब्द उच्चारताच तो पाप ठरवून मोकळं होण्यात अर्थ नाही.

दुसरं उत्तर याच्या उलट टोकाचं: कोळीच तर आहे, कुणाच्या घरातल्या पेटीत काय झालं याने जगाचं काय बिघडतं? हे उत्तर जास्त प्रामाणिक वाटतं, म्हणून त्याला जास्त वेळ द्यायला हवा. पेटीत नेमकं काय होतं तिथून सुरुवात करू.

नर मादीच्या बिळाजवळ येतो आणि थबकतो. स्पर्शपाद आणि पुढचे पाय जमिनीवर आपटून तो ठराविक ठेक्यात कंप पाठवतो. मादी तयार असेल तर तीही पाय आपटून जबाब देते. हा ठेका, मादीच्या धाग्यांतून नराला मिळणारा गंध, नराच्या बोंडाचा आकार आणि मादीच्या पोटाखालच्या वीर्यकोशाचा आकार, या सगळ्या गोष्टी जातीगणिक वेगवेगळ्या असतात. त्या जितक्या दूरच्या, तितका संकर अवघड. म्हणून दोन वेगळ्या प्रजातींतली (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) जोडी बहुधा जमतच नाही. कधी मादी नरालाच फस्त करते. पण एकाच प्रजातीतल्या दोन जवळच्या जाती असतील तर मिलन होऊ शकतं. त्यानंतर कधी मादी अंडी घालतच नाही. कधी अंड्यांची पिशवी विणते, दाढांत धरून आठवडेच्या आठवडे जपते आणि शेवटी ती पिशवी कुजते. अर्थात एकाच जातीच्या जोडीतही पिशव्या कुजतात, त्यामुळे एका अपयशावरून काही सिद्ध होत नाही. आणि कधी पिशवीतून काही शे पिल्लं बाहेर पडतात, धडधाकट, खाणारी, कात टाकणारी.

सर्वांत अवघड परिणाम हाच. पिल्लं वेडीवाकडी निघाली असती, मेली असती, तर प्रश्न तिथेच संपला असता. पण पहिल्या पिढीचा संकर दिसायला बहुधा उत्तम असतो. कधी आई-बापांपेक्षा जोमदारही. दोष असला तर तो पुढे दिसतो. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी 1922 साली एक नियम मांडला. संकरित पिढीत एखादं लिंग दुर्मीळ किंवा वांझ निघत असेल, तर ते बहुधा ज्याची लिंग-गुणसूत्रं विजोड असतात तेच लिंग असतं. माणसांत आणि कोळ्यांत असं विजोड लिंग नराचं. म्हणजे संकरित नर वांझ निघण्याचा संभव अधिक, आणि त्यांच्या बहिणी मात्र प्रजननक्षम राहून दोन्हीकडच्या नरांशी जुळू शकतात. मिश्रण पुढे वाहून नेतात त्या या बहिणी. त्यांच्या पिल्लांत, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत, दोन जातींच्या जनुकांचे जुळून आलेले मेळ विस्कटू लागतात. माशीत किंवा उंदरात हे काही महिन्यांत पाहता येतं. मेक्सिकोच्या ब्रॅकीपेल्मा कोळ्यांत मादी वयात यायलाच पाच-सात वर्षं किंवा त्याहून जास्त काळ जातो. दुसरी पिढी कशी निपजते हे पाहायचं तर दहा-पंधरा वर्षं थांबावं लागेल. तोवर पहिल्या पिढीची काही शे पिल्लं डब्यांतून, टपालाने, प्रदर्शनांतून कुठल्या कुठे पोहोचलेली असतात.

म्हणजे परिणाम उमगायच्या आधीच तो परत घेता येईनासा झालेला असतो. पाळण्याच्या जगात याचा अर्थ काय होतो, हे एका कोळ्याच्या गोष्टीतून नीट कळतं.

मेक्सिकोचा लाल गुडघ्यांचा टॅरँटुला हा साऱ्या टॅरँटुलांत बहुधा सर्वांत ओळखीचा. काळंभोर अंग, पायांच्या सांध्यांवर नारिंगी-लाल रंग, संथ स्वभाव. लोकांनी त्याच्यावर इतकी उडी घातली की 1985 साली तो साइट्स करारात, म्हणजे धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लगाम घालणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात, घालावा लागला. पुढच्या दशकात ब्रॅकीपेल्मा ही अख्खी प्रजातीच त्यात गेली. तेव्हापासून बाजारातले बहुतेक लाल गुडघे घरीच पैदास झालेले. आणि त्या सगळ्यांच्या पेट्यांवर एकच नाव असायचं: ब्रॅकीपेल्मा स्मिथी.

स्मिथी हे नाव 1897 सालचं. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, 1997 मध्ये, फ्रेंच अभ्यासकांनी त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या दोन नव्या जाती नोंदवल्या, हॅमोरी आणि ॲनिथा. पाळणाऱ्यांत ॲनिथा हे नाव थोडंफार रुळलं, हॅमोरी जवळजवळ विस्मरणात गेलं. मग 2017 साली मेक्सिकोचे होर्हे मेंदोसा आणि ऑस्कर फ्रँके यांनी मूळ नमुने तपासले, जंगलातले कोळी गोळा केले, डीएनए पाहिला, आणि सगळ्यांच्या पेट्यांवरच्या चिठ्ठ्या चुकीच्या ठरवल्या. पाळणारे ज्याला स्मिथी म्हणत होते तो बहुतांशी हॅमोरी होता. ज्याला ॲनिथा म्हणत होते तोच खरा स्मिथी. रानात या दोघांच्या मध्ये बाल्सास नदीचं खोरं आहे: हॅमोरी त्याच्या वायव्येला हालिस्को, कोलिमा, मिचोआकानकडे, स्मिथी दक्षिणेला गेरेरोकडे. दोघांची भेट रानात सहसा होत नाही.

आता एक पाळणारा डोळ्यांपुढे आणा. त्याच्याकडे जुनी, विश्वासू विक्रेत्याकडून घेतलेली मादी आहे. चिठ्ठीवर स्मिथी, प्रत्यक्षात हॅमोरी. तो जातीला जात जुळवायची म्हणून नव्या यादीतला स्मिथी नर आणतो. हा खराखुरा स्मिथी. तो दोघांना एकत्र सोडतो. त्याने काहीही चुकीचं केलं नाही. जातीला जात जुळवली. आणि पिशवीतून जी काही शे पिल्लं निघाली ती सगळी संकरित. संकराची मोठी वाट हीच असावी असं मला वाटतं. मुद्दाम केलेल्या संकराचं भान निदान तो करणाऱ्याला तरी असतं. या वाटेने झालेल्या संकराचं कुणालाच नसतं.

त्या पिल्लांवरून हे ओळखता येईल का? मोठेपणी दोन्ही जातींत फरक दिसतो. हॅमोरीच्या दाढांवर समोरून पाहिलं तर दोन फिकट तपकिरी-गुलाबी पट्टे असतात, स्मिथीत एक. नरांच्या बोंडाचा आकार वेगळा, स्मिथीत जास्त रुंद, चमच्यासारखा. मादीसाठी पाळणारे तिच्या कातेकडे वळतात. टाकलेली कात सुकली की कडक होते. साबणाचा थेंब घातलेल्या पाण्यात ती थोडा वेळ भिजवली की कापडासारखी मऊ पडते. मग मऊ कुंचल्याने पोटाकडची बाजू हळूच उलगडायची आणि पुढच्या दोन फुप्फुसांच्या मधली रेघ भिंगाखाली धरायची. तिथे वीर्यकोशाचा छोटासा पडदा उभा दिसतो. त्याच्या बुडाशी असलेल्या तबकडीचा आकार दोन जातींत वेगळा. कोळ्याला बोटही न लावता त्याच्या ओळखीचा पुरावा हाती येतो. या छंदातली ही मला सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. पण संकरित मादीची कात उघडली तर काय दिसेल? मधलाच काहीतरी आकार, किंवा एका जातीसारखा दिसणारा, किंवा एकाच पिशवीतल्या दोन बहिणींत दोन प्रकारचा. नैसर्गिक जातींतही व्यक्तीगणिक थोडा फरक असतोच, त्यामुळे ठाम बोलता येत नाही.

मग डीएनए तपासा, असं कुणी म्हणेल. सर्वांत सोपी आणि स्वस्त चाचणी पेशींतल्या तंतुकणिकांच्या डीएनएवर चालते, आणि तो फक्त आईकडून येतो. हॅमोरी आई आणि स्मिथी बाप यांची लेक या चाचणीत शंभर टक्के हॅमोरी ठरते. बाप त्यात कुठेच दिसत नाही. त्याचा माग काढायचा तर केंद्रकातल्या अनेक जनुकांची तपासणी हवी, आणि ती घरगुती पाळणाऱ्याच्या आवाक्यातली नाही.

लाल गुडघ्याची गोष्ट एकट्याची नाही. 2017 मध्येच कॅरोलिन फुकुशिमा आणि रोजेरिओ बेर्तानी यांनी ॲव्हिक्युलेरिया या दक्षिण अमेरिकी वृक्षवासी कोळ्यांची छाननी केली. नावांचा ढीग होता, त्यातून बारा जाती उरल्या आणि कित्येक नावं दुसऱ्या प्रजातींत गेली. मध्य अमेरिकेच्या कुरळ्या केसांच्या टॅरँटुलाबद्दल पाळणारेच शंका घेतात की बाजारातला जुना वाण कधीतरी काळ्या मखमली वेगन्स जातीशी मिसळला असावा.

इथवर आलं की प्रश्नाचा रोख बदलतो. संकरित कोळी आजारी आहे, दुःखी आहे, असं म्हणायला आधार नाही. तो स्वतः निर्दोष जीव आहे, खातो, विणतो, कात टाकतो. बिघडतं ते त्याच्याबद्दलचं आपलं ज्ञान. आणि ते एका कोळ्यापुरतं बिघडत नाही. मिसळलेला वाण बाजारात शिरला की त्या नावाच्या प्रत्येक पेटीवर शंकेची सावली पडते, जिच्यातला कोळी अगदी अस्सल आहे तिच्यावरही.

आपल्याकडचा वाचक इथे रास्त प्रश्न विचारेल. संकर इतका घातक, तर संकरित ज्वारीने आपली पोटं कशी भरली? सीएसएच-1 ही भारतातली पहिली व्यापारी संकरित ज्वारी 1964 साली आली आणि त्यानंतर महाराष्ट्राच्या खरिपाचं रूप पालटलं. संकराची ताकद खरीच आहे. पण ते बियाणं तयार कसं होतं ते पाहा. दोन आई-बाप वाण दरवर्षी वेगवेगळ्या शेतांत, ठरावीक अंतर राखून, परक्या परागाचा स्पर्श होऊ न देता वाढवले जातात. वेगळी दिसणारी ताटं फुलोऱ्याआधी उपटून टाकली जातात. पिशवीवर प्रमाणपत्र असतं. शेतकरी त्या पिकाचं बी पुढच्या वर्षी पेरत नाही, नवीन पिशवी घेतो. म्हणजे चांगल्या संकरामागे दोन शुद्ध वाण निगुतीने सांभाळणारं कुणीतरी असतं, आणि संकराचं पीक त्या वाणांत पुन्हा मिसळू नये याची व्यवस्था असते. टॅरँटुलाच्या छंदात यातलं काहीच नाही. मूळ वाण राखणारं केंद्र नाही, प्रमाणपत्र नाही, अंतर नाही. ज्या हातांत संकर होतो त्याच हातांत मूळ वाण असतो, आणि दोन्ही एकाच टेबलावर विकले जातात.

जिथे व्यवस्था होती तिथेही हे हातातून निसटलं आहे. सिंहांचं उदाहरण आपल्या घरचंच. पंजाबातल्या छतबीर प्राणिसंग्रहालयात सर्कशींतून आलेल्या आफ्रिकी सिंहांची आणि आशियाई सिंहांची पैदास एकत्र झाली. संकरित सिंहांची संख्या वाढत गेली, पुढच्या पिढ्यांत अशक्तपणा आणि आजार दिसू लागले, आणि अखेर नरांची नसबंदी करून ती वंशावळ थांबवावी लागली. उरलेले सिंह म्हातारे होऊन एकेक करत गेले. अमेरिकेत तर आशियाई सिंह वाचवण्यासाठीच पैदास कार्यक्रम चालला होता. 1987 साली जनुकीय तपासणीत निघालं की त्याच्या मूळ सिंहांपैकी काही आफ्रिकी वंशाचे होते. वर्षानुवर्षांची मेहनत, कित्येक पिल्लं, आणि संवर्धनाच्या दृष्टीने सगळं निरुपयोगी. सिंह मोठे, मोजके, नोंदवहीत नावानिशी लिहिलेले. तरी हे झालं. अंगठ्याच्या नखाहून लहान, डबीत मावणाऱ्या, शेकड्यांनी निपजणाऱ्या पिल्लांचं काय होईल?

संवर्धनाबद्दल मात्र इथे सरळ बोलायला हवं, कारण या वादात त्याचा आधार फार सैल हाताने घेतला जातो. घराघरांतले टॅरँटुला हा निसर्गाचा राखीव साठा आहे, उद्या जंगल संपलं तर यांना परत सोडता येईल, असा दावा पाळणारे करतात. मला तो पटत नाही. मूळ ठिकाण ठाऊक नसलेला, पिढ्यान्‌पिढ्या पेटीत वाढलेला, रोगजंतूंची तपासणी न झालेला कोळी कुठलाही जबाबदार वनाधिकारी जंगलात सोडणार नाही, मग तो कितीही अस्सल असो. संकराला विरोध करायचा तर या कारणाने करू नये.

कारण दुसरं आहे, आणि ते आपल्या देशाशी थेट जोडलेलं आहे. आंध्रातल्या गुत्ती या रेल्वेच्या गावी लाकडांच्या वखारीत मिळालेल्या एका कोळ्यावरून प्राणिशास्त्रज्ञ आर. आय. पोकॉक यांनी 1899 साली पोएसिलोथेरिया मेटॅलिका ही जात नोंदवली. त्यानंतर शंभर वर्षं तो कुणाला दिसला नाही. तो गुत्तीचा नव्हताच, लाकडांबरोबर रेल्वेने आलेला असावा. 2001 मध्ये तो नंद्याळ आणि गिद्दलूरच्या मधल्या नल्लमलाच्या जंगलात, गुत्तीपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, पुन्हा सापडला. गर्द निळा, अंगावर पांढरं-पिवळं नक्षीकाम. निळा रंग रंगद्रव्याचा नाही, केसांच्या अतिसूक्ष्म रचनेवरून उजेड परततो तेव्हा तो दिसतो. इतका देखणा कोळी जगाला कळला आणि त्याची चोरटी वाहतूक सुरू झाली. 2008 साली तो अतिधोक्यातला ठरला. त्याचं जंगल थोडंसं, तेही तोडीने पोखरलेलं. 2019 मध्ये पोएसिलोथेरियाची सगळी प्रजाती साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात गेली.

सह्याद्रीत आढळणारा रेगॅलिस याच प्रजातीतला. झाडाच्या ढोलीत राहतो, पोटाखाली आडवा फिकट पट्टा असतो, त्यावरून मोठा कोळी ओळखता येतो. या प्रजातीतल्या जाती वेगळ्या करायच्या तर पुढच्या पायांच्या खालच्या बाजूचे काळे-पिवळे पट्टे पाहावे लागतात. लहान पिल्लांत ते अजून पुरते उमटलेले नसतात. म्हणजे संकराला आणि गफलतीला इथे भरपूर वाव.

आता दोन गोष्टी जोडून पाहा. घरी पैदास केलेले मेटॅलिका किंवा रेगॅलिस बाजारात मिळतात म्हणून जंगलातला कोळी पकडण्याची गरज कमी होते, हा या छंदाच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद आहे आणि तो मला मान्य आहे. पण तो उभा आहे विश्वासावर. घरच्या वाणात भेसळ आहे अशी कुजबुज सुरू झाली की खात्रीचा कोळी हवा असणारा संग्राहक काय मागेल? जंगलातून आणलेला, ठिकाणाच्या नावानिशी. अशा कोळ्याची किंमत वाढते, आणि नल्लमलाच्या किंवा सह्याद्रीच्या ढोलीत हात घालणाऱ्याला तेवढंच कारण पुरतं. लीड्सच्या किंवा लाइपझिगच्या घरात निष्काळजीपणे लावलेली एक जोडी अशा रीतीने आपल्या जंगलाशी येऊन भिडते.

शुद्धतेचा हा आग्रह वाचून कुणाच्या मनात वेगळी शंका आली असेल तर ती स्वाभाविक आहे. माणसांच्या बाबतीत रक्तशुद्धीची कल्पना खोटी आहे आणि तिने या देशात अपार छळ केला आहे. सगळी माणसं एकाच जातीची, होमो सेपियन्स. इथे कुठलं रक्त वरचं आणि कुठलं खालचं हा प्रश्नच नाही. हॅमोरी आणि स्मिथी दोन्ही सारखेच मोलाचे; दोघांची लाखो वर्षांची वेगळी वाटचाल आहे आणि ती वाचता यावी एवढंच मागणं आहे.

झालेल्या संकराचं काय करायचं, हा प्रश्न उरतो, आणि तो हळवा आहे. चुकीची जोडी लागली असं लगेच लक्षात आलं तर मादी काही कायमची बिघडत नाही. पुढची कात टाकताना वीर्यकोशाचं अस्तरही ती टाकून देते आणि साठवलेलं वीर्य त्याबरोबर जातं. मात्र त्याआधी योग्य नराशी जोडी लावली तर एकाच पिशवीत दोन बापांची पिल्लं निघू शकतात. म्हणून कात होईपर्यंत थांबायचं. मध्येच तिने पिशवी विणली तर ती सुरुवातीलाच काढून गोठवावी, असं माझं मत आहे. अंड्यांत पाय फुटायच्या आत. पाळणाऱ्यांपैकी अनेक जण हे करतात आणि त्यांना ते सोपं जात नाही, हे मला समजतं. मादी पिशवी सोडत नाही, चिमट्याला दाढा लावते. पण काही शे निनावी पिल्लं जगात सोडण्यापेक्षा ही कठोरता मला कमी वाईट वाटते. पिल्लं निघालीच असतील तर ती जिवंत आहेत, त्यांना नीट पोसायला हवं. फक्त ती विकू नयेत, वाटू नयेत, त्यांची जोडी लावू नये. मादी निघाली तर वीस वर्षांची जबाबदारी घेण्याची तयारी हवी.

आणि जोडीविना राहिलेला नर? त्याला योग्य मादी असलेल्या पाळणाऱ्याकडे पाठवता येतं, पिल्लं निम्मी-निम्मी वाटून घेण्याच्या बोलीवर. हा रिवाज जुना आहे आणि उत्तम आहे. तेही जमलं नाही तर तो एकटा मरेल. रानातही बहुतेक नरांच्या वाट्याला हेच येतं. आपली कणव आपल्यापाशी ठेवावी. तिची किंमत पुढच्या पिढ्यांकडून वसूल करू नये.

भारतात राहणाऱ्यांसाठी गोष्ट सोपी आहे: वन्यजीव कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीने साइट्सच्या यादीतले प्राणी कायद्याच्या चौकटीत आणले आहेत, आणि ढोलीतला रेगॅलिस ढोलीतच राहू द्यावा. परदेशात टॅरँटुला पाळणाऱ्या मराठी वाचकांना मात्र विनंती आहे. तुमच्या प्रत्येक पेटीवर नावाबरोबर कोळी कुणाकडून आला, कधी आला, त्याचे आई-बाप कुठल्या भागातले, हे लिहा. जुन्या चिठ्ठ्या नव्या नावांशी ताडून पाहा. मादीची प्रत्येक कात जपून ठेवा. उगम ठाऊक नसेल तर तसं स्पष्ट लिहा आणि त्या कोळ्याची जोडी कुणाशीही लावू नका.